आयपीएल, पण क्रिकेटवालं नाही

डोळे कोरडे म्हणजे पाणी कमी, असं आपण धरून चालतो. बरेचदा कमी पडतं ते तेल. पापणीच्या कडेला ते सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. हाइनरिक माइबोम या जर्मन डॉक्टरने १६६६ मध्येच त्यांचं वर्णन केलं होतं. तेल घट्ट होऊन अडकलं की अश्रू भराभर उडून जातात.

उपाय मात्र आला त्वचेच्या दवाखान्यातून, तोही योगायोगाने. आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झटके, १९९० च्या दशकात चेहऱ्यावरच्या लाल रक्तवाहिन्यांसाठी वापरात आले. २००० नंतर अमेरिकेत, टेनेसीतले नेत्रतज्ज्ञ रोलांडो टोयोस यांच्या लक्षात आलं, की गाल लाल पडतात म्हणून हे घेणाऱ्यांच्या डोळ्यांनाही आराम पडतोय. झटके डोळ्यांवर नाही, त्याखालच्या गालावर, डोळे झाकलेले. तरी तिथल्या एफडीएची कोरड्या डोळ्यांसाठीची मंजुरी यायला २०२१ उजाडलं.

मला खरी मेख दिसते ती वेगळीच. प्रकाश रक्तातल्या हिमोग्लोबिनने शोषावा ही अपेक्षा, पण त्वचेतलं मेलॅनिनही तो शोषतं. म्हणजे त्वचा जितकी सावळी, तितका भाजण्याचा, डाग पडण्याचा धोका जास्त. आपल्याकडे कुणी पॅकेज सुचवलं तर आधी विचारा: माझ्या ग्रंथी तपासल्यात का, आणि माझ्या त्वचेला हे चालेल का?