मराठीच्या अभ्यासकाला फ्रेंच कशासाठी?

मराठी भाषेचा पहिला सांगोपांग, शास्त्रशुद्ध इतिहास मराठीत लिहिला गेला नाही, इंग्रजीतही नाही. तो फ्रेंचमध्ये लिहिला गेला. झ्यूल ब्लॉक (१८८०-१९५३) या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९१४ साली 'ला फोर्मास्यों द ला लांग मराठ', म्हणजे 'मराठी भाषेची घडण', हा प्रबंध सिद्ध केला. मध्ये पहिले महायुद्ध उभे राहिले आणि ग्रंथरूपाने तो पॅरिसमध्ये १९२० साली बाहेर पडला. मराठी घेऊन एम. ए. करणारे विद्यार्थी भाषाविज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत ब्लॉकचे नाव हमखास लिहितात. हे नाव कोणत्या भाषेतून आपल्यापर्यंत आले, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच निघतो. आम्ही पिंपळगाव बसवंतसारख्या निमशहरी गावात मराठी शिकवतो. येथून पाहताना फ्रेंचचा अभ्यास ही पुण्या-मुंबईची आणि मराठी विभागाशी संबंध नसलेली गोष्ट वाटते. हा समज कसा तयार झाला आणि इतिहास त्याला कितपत दुजोरा देतो, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

फ्रेंच वाङ्मय मराठीत आले ते प्रामुख्याने इंग्रजीच्या वाटेने. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ'. मोलिएरने १६६० साली 'स्गानारेल' हे प्रहसन लिहिले. आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराने त्यावरून १७६१ साली 'ऑल इन द राँग' रचले. मर्फीवरून देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले आणि पुढे १९१६ साली त्याचेच संगीत 'संशयकल्लोळ' झाले. हरि नारायण आपट्यांचे 'मारून मुटकून वैद्यबुवा' आणि आचार्य अत्र्यांचे 'कवडीचुंबक' यांचेही मूळ मोलिएरच आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. साठच्या दशकात सार्त्र आणि काम्यू यांच्या नावांची चर्चा लघुनियतकालिकांतून रंगली, तीही बहुतांशी इंग्रजी भाषांतरांच्या आधारे.

या वाटेला कमी लेखण्याचे कारण नाही. 'संशयकल्लोळ' हे आज अस्सल मराठी नाटक आहे. ते पाहताना मोलिएरची आठवण कोणालाही होत नाही आणि होण्याची गरजही नाही. कथानक, पात्रांचे स्वभाव, विचार या गोष्टी दोन भाषा ओलांडूनही जिवंत राहू शकतात. आमच्या भागातील द्राक्षबागांचे उदाहरण घ्यावे. केवड्यावर, म्हणजे डाऊनीवर, मोरचूद आणि चुना यांचे जे मिश्रण फवारले जाते त्याला निफाड-दिंडोरीचा प्रत्येक बागाईतदार 'बोर्डो' म्हणतो. फ्रान्समधील बोर्दो येथे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास ते रूढ केले. शहराचे नाव इंग्रजी वळणाने येथे पोहोचले आणि स्थिरावले. वाइनच्या द्राक्षांचे 'शेनँ ब्लाँ' हे नावही इंग्रजी स्पेलिंगवरून 'चेनिन ब्लँक' असे वाचले जाते. त्याने बागेचे काही बिघडत नाही. औषध लागू पडण्यासाठी त्याच्या जन्मगावाची भाषा यावी लागत नाही.

परंतु भाषेच्या इतिहासाचा अभ्यास ही अशी गोष्ट नव्हे. तेथे कथानक उचलून आणता येत नाही; तेथे पद्धतच आत्मसात करावी लागते, आणि ती ज्या भाषेत घडली त्या भाषेतच तिचे बारकावे असतात.

ब्लॉकपूर्वी मराठीचा ऐतिहासिक विचार झालाच नव्हता असे नाही. रा. गो. भांडारकरांची विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने १८७७ सालची आहेत. वि. का. राजवाड्यांचे 'ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण' १९०९ साली प्रसिद्ध झाले. भांडारकरांनी इंग्रजीत लिहिले, राजवाड्यांनी निष्ठेने मराठीत. ब्लॉकची शिस्त वेगळी होती. सिल्व्हँ लेव्ही यांच्याकडून संस्कृतविद्या आणि आंत्वान मेये यांच्याकडून तुलनात्मक भाषाशास्त्र असा दुहेरी वारसा त्याला मिळाला होता. पॅरिसची 'एकोल प्रातिक दे ओत एत्यूद' ही उच्च अध्ययनाची संस्था १८६८ सालापासून चालत होती. मूळ साधने समोर ठेवून गुरू आणि मोजके विद्यार्थी यांनी एकत्र काम करावे, अशी तिची रीत होती. मराठी ही या पद्धतीच्या कसोटीसाठी अतिशय अनुकूल भाषा होती. शिलालेख, ज्ञानेश्वरीसारखा तेराव्या शतकातील ग्रंथ आणि मोल्सवर्थचा विस्तृत कोश अशी तीन काळांतील साधने तिच्यापाशी होती.

पद्धत थोडक्यात अशी. संस्कृत 'हस्त', प्राकृत 'हत्थ', मराठी 'हात'. 'सप्त', 'सत्त', 'सात'. जोडाक्षराचे आधी द्वित्त होते, मग द्वित्त सुटून मागचा स्वर दीर्घ होतो. एका शब्दाची व्युत्पत्ती सांगणे ही हुशारी असू शकते. परंतु तोच बदल शेकडो शब्दांत नियमाने दाखवणे आणि जेथे नियम मोडतो तेथे तो का मोडला याचे कारण देणे, हे शास्त्र. तो शब्द नंतर संस्कृतातून उचलला का, शेजारच्या भाषेतून आला का, की दुसऱ्या एखाद्या शब्दाच्या धर्तीवर वळला? असे प्रश्न ध्वनी, रूपे आणि वाक्य या तिन्ही पातळ्यांवर एका आधुनिक भारतीय आर्य भाषेला इतक्या सलगपणे विचारले गेले ते प्रथम मराठीच्या बाबतीत.

या ग्रंथाचा परिणाम महाराष्ट्राबाहेर लवकर दिसला. सुनीतिकुमार चतर्जी पॅरिसला जाऊन ब्लॉक आणि मेये यांच्या वर्गांत बसले. बंगालीच्या उगम-विकासावरचा त्यांचा विख्यात ग्रंथ १९२६ साली आला. हिंदीचे धीरेंद्र वर्मा यांनी ब्रजभाषेवरचा आपला प्रबंध पॅरिस विद्यापीठासाठी फ्रेंचमध्येच लिहिला (१९३५). पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील सु. मं. कत्रे यांनी १९४२ साली कोकणीवर जे पुस्तक लिहिले त्याच्या 'फॉर्मेशन ऑफ कोंकणी' या शीर्षकातच ब्लॉकचा ठसा आहे. मराठीच्या अभ्यासातून निघालेली पद्धत अशा प्रकारे बंगाली, ब्रज, कोकणी या भाषांना उपयोगी पडली.

आणि मराठीत? येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे, कारण तिची म्हणावी तशी दखल घेतली जात नाही. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ब्लॉकचा ग्रंथ 'मराठी भाषेचा विकास' या नावाने १९४१ साली मराठीत आणला. त्याचे इंग्रजी भाषांतर (देवराज चानना यांचे) १९७० साली निघाले. म्हणजे जवळपास तीस वर्षे हा ग्रंथ मराठी वाचकाला उपलब्ध होता आणि केवळ इंग्रजी जाणणाऱ्याला नव्हता. इंग्रजीच्या खिडकीतूनच युरोप दिसतो, या आपल्या सवयीच्या कल्पनेला हा सरळ छेद आहे. फ्रेंच आणि मराठी यांच्यात थेट रस्ता होता. तो एका अध्यापकाच्या फ्रेंच जाणण्यामुळे होता.

हा रस्ता काही काळ वाहता राहिला. पॅरिसमध्ये भाषाविज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या ना. गो. कालेलकरांनी 'ध्वनिविचार', 'भाषा आणि संस्कृती', 'भाषा: इतिहास आणि भूगोल' ही पुस्तके मराठीतच लिहिली. त्यांतील शेवटच्या पुस्तकाला १९६७ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी विश्वकोशातील भाषाविषयक कितीतरी नोंदी त्यांच्या आहेत. कालेलकरांचे गद्य वाचताना जाणवते की परिभाषेचे ओझे न वाढवता कठीण विचार नेमका मांडण्याची फ्रेंच अध्यापनपरंपरेतील सवय त्यांनी मराठीत रुजवली. ती सवय नंतरच्या आपल्या समीक्षेत किती उरली, याचा विचार वाचकांनीच करावा.

उलट दिशेची वाहतूकही थोडी नव्हती. पुण्यात अनेक वर्षे राहिलेले गी दल्यरी यांनी तुकोबांचे निवडक अभंग फ्रेंचमध्ये नेले; गालिमार या नामवंत प्रकाशनसंस्थेने ते १९५६ साली छापले. शार्लोत वोदव्हील यांचा ज्ञानदेवांच्या हरिपाठावरील फ्रेंच ग्रंथ १९६९ सालचा. पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातव्हँ (मृत्यू २००४) यांनी दया पवारांचे 'बलुतं' आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही आत्मकथने फ्रेंच वाचकांपर्यंत पोहोचवली. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी खेडोपाडी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरते. मराठीच्या अभ्यासकांसाठी हे साहित्य परके नाही. ते आपल्याच संतांविषयी, आपल्याच दलित लेखकांविषयी आणि आपल्याच आयाबायांच्या गाण्यांविषयी आहे. तरीही त्यातील फ्रेंचमध्ये लिहिलेला भाग मराठी विभागांच्या वाचनात जवळपास येत नाही.

याचे कारण विद्यापीठांच्या रचनेत आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईत विद्यापीठाचा फ्रेंच विभाग, शिवाय आलियाँस फ्रांसेज अशा ठिकाणी फ्रेंचचे उत्तम अध्यापन होत आले आहे. तेथील विद्यार्थी मोलिएर वाचतो, काम्यू वाचतो, फ्रान्सचा इतिहास शिकतो. पुढे भाषांतर, पर्यटन किंवा संगणक-उद्योगात काम करतो. मराठी विभागातील विद्यार्थी सोस्यूरचे नाव पाठ करतो. एकाच विद्यापीठाच्या छत्राखालचे हे दोघे एकमेकांस भेटत नाहीत. शहरांतील कनिष्ठ महाविद्यालयांत तर फ्रेंच आणि मराठी या दोन भाषा गुणांच्या हिशेबात एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात: ज्याला अधिक गुण हवेत त्याने मराठी सोडून फ्रेंच घ्यावी, असा सल्ला उघडपणे दिला जातो. त्यामुळे मराठीच्या शिक्षकाला फ्रेंच ही आपले विद्यार्थी पळवणारी भाषा वाटू लागते. हे वाटणे समजण्याजोगे आहे. पण त्यात आपल्या विषयाचेच नुकसान आहे.

आणखी एक अडचण शिकवण्याच्या माध्यमाची आहे. आपल्याकडे फ्रेंच शिकवली जाते ती इंग्रजीतून. त्यामुळे तालुक्याच्या गावातील मुलगा पहिल्या पायरीवरच थबकतो, आणि जे त्याला घरून येत असते तेही परके होऊन बसते. फ्रेंचमधील 'त्यु' आणि 'व्हू' यांतील भेद इंग्रजीतून समजावताना शिक्षकाला बराच वेळ घालवावा लागतो. मराठी मुलाला 'तू' आणि 'तुम्ही' एवढे म्हटले की पुरे. निर्जीव वस्तूला लिंग का असावे, हा प्रश्न 'तो दगड, ती खुर्ची, ते टेबल' म्हणणाऱ्याला पडतच नाही. फ्रेंचचे त आणि द हे आपल्या त-द सारखे दंत्य आहेत. इंग्रजीच्या वळणाने शिकणारा त्यांचे ट-ड करतो. सानुनासिक स्वर कोकणातल्या बोलींत आणि कोकणीत आजही ऐकू येतात. परांजप्यांनी १९४१ मध्ये ओलांडलेले अंतर आपण समजतो त्याहून कमी आहे. मध्ये इंग्रजी ठेवल्याने ते वाढते.

दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला. त्या निमित्ताने मराठीच्या प्राचीनत्वाविषयी पुष्कळ बोलले गेले. प्राचीनत्व सिद्ध करणे ही एक गोष्ट, आणि भाषा शतकाशतकाने कशी बदलत गेली हे दाखवणे ही दुसरी. अभ्यासाला खरी गरज दुसरीची आहे. ब्लॉकनंतर शं. गो. तुळपुळे यांचे 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) आले, तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) आला. ब्लॉकच्या काळी नसलेली ही सामग्री हाताशी असताना त्याचे नियम पुन्हा तपासून पाहायला हवेत. हे काम करणाऱ्याला ब्लॉकचे मूळ वाक्य वाचता आले पाहिजे. नाहीतर आपण भाषांतराच्याही सारांशावर, आणि सारांशाच्याही टिपणांवर, पदव्या देत राहू.

यासाठी प्रत्येक महाविद्यालयात फ्रेंच विभाग उघडावा असे आमचे म्हणणे नाही. ते शक्यही नाही. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात वाचनापुरत्या फ्रेंचचा एक ऐच्छिक पेपर असावा, तो मराठी माध्यमातून शिकवावा, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या फ्रेंच विभागातील अध्यापकांची मदत घ्यावी. बोलण्याचा सराव, मुलाखतीची तयारी हे त्यात नको. शब्दकोश उघडून एक पान उलगडता आले की पहिल्या वर्षाचे काम झाले. पाठ्यपुस्तकही शोधत बसायला नको. ब्लॉकच्या निधनाला आता सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटल्याने त्याचे लेखन भारतात आणि फ्रान्समध्येही स्वामित्वहक्कातून मुक्त झाले आहे. डाव्या हाताला १९२० चा मूळ ग्रंथ, उजव्या हाताला परांजप्यांचे भाषांतर, आणि समोर आपली रोजची मराठी: दहा विद्यार्थ्यांच्या वर्गाला एवढी सामग्री वर्षभर पुरेल.