यारी आणि तिचा कागद

विहिरींवर मोटा चालत असत त्या काळी नाडा विकत घेणे हे घरातल्या जाणत्या माणसाचे काम असे. विहीर किती पुरुष खोल आहे, उन्हाळ्यात पाणी कोठवर उतरते, मोट केवढी, बैल कसे, दिवसाकाठी किती मोटा काढायच्या, चाक नवे आहे की झिजलेले, एवढा हिशेब मनाशी मांडूनच तो बाजाराला निघे. दुकानदाराने ‘घ्या, मजबूत आहे’ म्हटले तरी तेवढ्यावर त्याचे समाधान होत नसे. तो दोराचा पीळ उलगडून आतला वाख पाही. नाडा तुटला तर नुकसान एकट्या दोराचे होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असे. भार एकाएकी सुटला की धावेवरचे बैल तोंडघशी जातात, आणि भरलेली मोट खाली कोसळते ती तेथे कोण उभे आहे याची विचारपूस करून कोसळत नाही.

अक्षरशत्रू शेतकऱ्याच्या मनातल्या या हिशेबाला कारखान्यांच्या जगात ‘स्पेसिफिकेशन’ म्हणतात. शासकीय मराठीने त्यासाठी ‘विनिर्देश’ हा शब्द काढला आहे. आपण साधेपणाने ‘तपशील’ म्हणू. पाच, पन्नास किंवा शंभर टन वजन उचलणारी यारी, म्हणजेच क्रेन, विकत घेताना आपल्याला नेमके काय हवे ते सांगणारा हा कागद असतो. निविदा त्याच्यावरून मागवितात, यंत्र त्याच्यावरून घडते, आणि पुढे काही विपरीत घडले तर न्यायालयात तोच पुढे येतो. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय रुक्ष वाटेल, हे मान्य आहे. पण हा कागद कोणी लिहायचा, या प्रश्नात वऱ्हाडच्या शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास गुंतलेला आहे, आणि त्या इतिहासात अमरावतीला मानाचे पान आहे.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. पुढे आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साऱ्या व्यापारी जगाची दृष्टी आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिनसुला कंपनीची आगगाडी भुसावळ, अकोला, बडनेरा अशी मजल मारीत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावला आणि त्यानंतर लवकरच बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. आज राजापेठेत ज्या रुळांवरून पुलाने रस्ता जातो, ते रूळ त्या फाट्याचेच. सरकी काढणारे जिन आले, रुई दाबून गठाण बांधणारे प्रेस आले. गठाणीचे वजन ठरले ३९२ पौंड. चार हमालांना घाम फोडणारे हे वजन वखारीतून डब्यात आणि डब्यातून गोदीत चढू लागले, आणि अवजड वस्तू उचलण्याचा प्रश्न वऱ्हाडच्या दाराशी प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर येऊन ठेपला.

येथे एक मौजेची, पण विचार करायला लावणारी गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊम्रा’ म्हणत. हे नाव अमरावतीवरूनच पडले. गावाचे नाव सातासमुद्रापलीकडे गेले खरे. पण ऊम्रा कापूस ‘फेअर’, ‘गुड फेअर’, ‘गुड’ की ‘फाइन’, हे ठरविणारे नमुने लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या हाती होते. आपला माल कसा असावा, हे त्यांनी लिहावे. आणि आपल्याला लागणारी यंत्रे? तीही कशी असावीत, हे त्यांनीच लिहावे, असा दुहेरी बंदोबस्त होता. विकतानाही कागद त्यांचा आणि घेतानाही कागद त्यांचाच.

हा दुसरा बंदोबस्त कसा चाले ते पाहण्यासारखे आहे. सरकारला यारी, पुलाचे गाडर किंवा इंजिन हवे असले म्हणजे येथल्या अधिकाऱ्याने मागणी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे धाडावयाची. तेथले सल्लागार इंजिनियर त्या मागणीवरून तपशील लिहीत, विलायती कारखान्यांकडून निविदा घेत, माल तिकडेच तपासून पसंत करीत आणि जहाजावर चढवीत. जी. आय. पी. रेल्वेचे संचालक मंडळही १९२५ पर्यंत लंडनमध्येच होते. १९०१ साली लंडनमध्ये यंत्रसामग्रीची प्रमाणे ठरविणारी एक समिती स्थापन झाली. तिच्या पहिल्यावहिल्या कामांत हिंदुस्थानच्या रेल्वेसाठी प्रमाण इंजिने ठरविण्याचे काम होते! काम चोख होते, यात शंका नाही. त्यांनी पाठविलेले लोखंड अजूनही ठिकठिकाणी भार वाहत उभे आहे. परंतु किंमत पौंडांत आणि माल विलायतेत द्यावयाचा, अशी निविदेची अट असल्यावर मुंबई-कलकत्त्याच्या कारखानदाराने तीत उतरावे तरी कसे? त्याचा माल हलका ठरत होता असे नव्हे. त्याला परीक्षेलाच बसू दिले जात नव्हते.

ही गोम ज्यांनी ओळखली त्यांत अमरावतीचे रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे एक प्रमुख गृहस्थ होते. १८५७ मध्ये धुळ्यास जन्मलेले मुधोळकर वकिलीसाठी अमरावतीस आले आणि अमरावतीचेच झाले. १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे ते अध्यक्ष होते, एवढे आपण शाळेत वाचतो. त्यांचे दुसरे काम मात्र विस्मृतीत गेले आहे. १९०५ साली काशीस काँग्रेसबरोबरच पहिली भारतीय औद्योगिक परिषद भरली. अध्यक्ष रमेशचंद्र दत्त होते. ही परिषद पुढे दरवर्षी भरू लागली, तिचे चिटणीसपद मुधोळकरांकडे आले आणि तिची कचेरी अमरावतीत थाटली गेली. परिषदेचे अहवाल आणि देशातल्या धंदेशिक्षणाच्या संस्थांची सूची अमरावतीच्या पत्त्यावर निघाली. ज्या गावाचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात केवळ कच्च्या मालाची खूण म्हणून लावले जाई, त्याच गावातून देशाच्या उद्योगधंद्यांचा हिशेब मांडला जाऊ लागला, ही घटना लहान नव्हे. सरकारने आपल्याला लागणारे सामान शक्यतो या देशात खरेदी करावे, ही त्या काळच्या औद्योगिक चळवळीची एक मुख्य मागणी होती.

१९१६ मध्ये सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला गेला. १९१८ च्या अहवालात त्याने सरकारी खरेदीसाठी येथेच स्वतंत्र खाते असावे, अशी शिफारस केली. त्याप्रमाणे १९२२ मध्ये ‘इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट’ सुरू झाले. मुधोळकर १९२१ च्या जानेवारीतच निवर्तले होते. १९३१ पासून निविदा रुपयांत आणि माल हिंदुस्थानात द्यावयाचा, हा नियम लागू झाला. ऐकायला हा हिशेबनिसाचा फरक वाटतो. पण याच नियमाने देशी कारखान्याला परीक्षेच्या दालनात जागा मिळाली. १९४७ च्या जानेवारीत, स्वातंत्र्याच्या सात महिने आधी, भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १९६५ मध्ये तिने विजेवर चालणाऱ्या माथ्यावरच्या यारीसाठी ‘आय. एस. ३१७७’ हे प्रमाण प्रसिद्ध केले. यारी कशी असावी, हे आता आपल्या देशाने आपल्या कागदावर लिहिले होते.

पण प्रमाण मिळाले म्हणजे तपशील लिहून झाला, असे मात्र नाही. प्रमाण साऱ्या देशासाठी असते. तपशील एका छपराखालच्या एका यारीसाठी असतो. हा फरक नीट ध्यानात यावा म्हणून वऱ्हाडातलीच उदाहरणे घेऊ.

पहिली गोष्ट उन्हाची. विजेच्या मोटारीवर जी ताकद लिहिलेली असते, ती सर्वसाधारणपणे भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत आहे आणि जागा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आत आहे, असे धरून लिहितात. अकोला-अमरावतीला उंचीची अडचण नाही; ती यायची तर वर चिखलदऱ्याला. परंतु वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हे शेंबडे पोरही सांगेल. त्यातून यारी असते पत्र्याच्या छपराला लागून, आणि कारखान्यातली सगळी तापलेली हवा तेथेच कोंडलेली असते. म्हणून वऱ्हाडातला जाणता इंजिनियर कागदावर ५० अंश लिहितो. हा एक आकडा राहून गेला, तर मोटार हिवाळ्यात सुरेख चालते आणि ऐन मे महिन्यात जळते.

दुसरी गोष्ट रुईची. जिन-प्रेसमध्ये हवेत तंतू उडत असतात. तारेच्या दोराला वंगण असते, त्यावर ते चिकटतात. उघड्या मोटारीत शिरतात. आणि ठिणगी पडायचा अवकाश, की वखार पेटते. तेव्हा बंदिस्त मोटार आणि झाकलेल्या वीजवाहिन्या हव्यात, हे स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. न लिहिलेली वस्तू विक्रेता फुकट देत नसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती समजावून घ्यायला अमरावतीकरांना लांब जायला नको. १९१४ पासून नावारूपाला आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात कसलेला पैलवान जे वजन एका झटक्यात डोक्यावर नेईल, ते बाजारातल्या हमालाला पेलणार नाही. पण हमाल सकाळपासून सांजेपर्यंत जी पोती वाहतो, ती वाहायला पैलवानाला सांगा! तो दुपारीच बसेल. यारीचेही असेच आहे. ‘दहा टनांची यारी हवी’ एवढे लिहिले की पैलवान मिळेल की हमाल, ते विक्रेत्याच्या मर्जीवर जाते. तासाला किती फेऱ्या, पूर्ण वजनाच्या किती आणि हलक्या किती, दिवसाला किती तास, हे लिहिल्यावर यारीचा वर्ग ठरतो. आज असे आठ वर्ग मानतात, एम-१ ते एम-८. दोन यारी दहा-दहा टनांच्या असूनही त्यांच्या किमतींत मोठे अंतर पडते ते यामुळेच, आणि स्वस्त यारी दोन वर्षांत खिळखिळी होते तीही यामुळेच.

अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या वीजकेंद्राकडे पाहिले म्हणजे याची दुसरी बाजू दिसते. तेथला ३० मेगावॉटचा पहिला संच १९६१ चा. आज तेथे २००८ आणि २०१० मध्ये उभे राहिलेले अडीचशे मेगावॉटचे दोन संच आहेत. अशा केंद्रांत जनित्राचा स्थिर भाग सर्वांत जड असतो, पण तो जन्मात एकदाच बसवायचा असतो. तेवढ्यासाठी कायमची अजस्र यारी घेणे म्हणजे लग्नात पाचशे पाने उठली म्हणून घरात रोजच पाचशे माणसांचे पातेले चुलीवर चढविणे होय! म्हणून अनेक केंद्रांत ते एकदाचे काम जॅक आणि तात्पुरती चौकट लावून उरकतात, आणि यारी देखभालीत वरचेवर उचलाव्या लागणाऱ्या भागांच्या मापाने घेतात. मात्र टर्बाइनचा फिरता भाग जागेवर उतरविताना केसाएवढी हालचाल साधावी लागते; म्हणून वेगाबरोबर मंदगतीही कागदावर मागावी लागते. आणि वीज गेली तर ब्रेक आपोआप स्प्रिंगने आवळला जाऊन वजन हवेत जिथल्या तिथे थांबले पाहिजे, हे भारनियमन सोसलेल्या वऱ्हाडी माणसाला समजावून सांगायला नको.

शेवटी परीक्षेचे कलम येते. यारी ताब्यात घेण्यापूर्वी तिच्याकडून ठरल्या वजनाच्या सव्वापट वजन उचलवून पाहतात. त्यानंतरही १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमाने घालून दिले होते की, यारी, साखळ्या आणि दोर यांची वर्षातून एकदा तरी जाणत्या माणसाकडून कसून तपासणी झाली पाहिजे आणि सुरक्षित वजनाचा आकडा यारीवर स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे.

इतके सगळे असूनही आज धोका आहे, आणि तो लंडनचा नाही. खरेदीची व्यवस्था बदलली. केंद्राचे जुने पुरवठा महासंचालनालय २०१७ मध्ये बंद झाले आणि सरकारी खरेदी संगणकावरच्या बाजारपेठेतून होऊ लागली. मात्र सर्वांत कमी किमतीची निविदा पसंत करण्याची रीत बहुतांशी कायम आहे. ती रीत वाईट नाही. फक्त ती कागदाइतकीच शहाणी असते. कागद ढिला असला तर सर्वांत स्वस्त यारी सर्वांत कच्ची निघते. कागद एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकावरून उतरविलेला असला तर निविदा येतात अनेक आणि बसते ती एकच. आणि थंड हवेच्या गावासाठी लिहिलेला तपशील वऱ्हाडातल्या कचेरीने जसाच्या तसा नकलून घेतला, तर मुधोळकरांच्या पिढीने भांडून मिळविलेला हक्क आपण आपल्या हाताने परत करतो. आपल्याला काय हवे ते आपण लिहायचे, हा तो हक्क होता. त्याच्या पोटात एक कर्तव्यही आहे: आपले ऊन, आपली रुई, आपले छप्पर आणि त्याखाली उभी असणारी आपली माणसे आधी डोळे उघडून पाहायची.

खंडेनवमीला कारखान्यांतून यंत्रांची पूजा होते. यारीच्या आकड्याला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात. ते जरूर वाहावे. त्याच वेळी मान वर करून, तिच्या अंगावर वजनाचा आकडा दिसतो का आणि शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढे विचारावे. नाडा घेताना दोराचा पीळ उलगडून पाहणाऱ्या आपल्या आजा-पणजांनी हेच केले असते.