धाव आणि पकड : लांबच्या प्रवासासाठी टिकाऊ मोटारसायकल टायरच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवितो आणि वरून पाणी ओतून आवळून घेतो, तिला मराठीत 'धाव' म्हणतात. धाव वर्षानुवर्षे टिकते. मात्र ती हादरे शोषून घेत नाही आणि ओल्या दगडावर घसरते. रबरी टायर ही या धावेची जागा घेणारी वस्तू होय. तिने हादरे शोषले, रस्ता धरला आणि त्या बदल्यात टिकाऊपणा गमावला. तेव्हापासून आजतागायत टायरचा इतिहास म्हणजे गमावलेला टिकाऊपणा पकड न सोडता परत मिळविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघणारा मनुष्य दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो 'हा टायर किती चालेल?' हा. प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याचा अर्थ काळानुसार बदलत गेलेला आहे. टायर निकामी होण्याचे प्रमुख कारण प्रत्येक कालखंडात वेगळे होते, आणि म्हणून 'टिकाऊ' या विशेषणाचा आशयही प्रत्येक कालखंडात वेगळा राहिला. प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. जुन्या काळचा अर्थ मनात धरून आजचा टायर निवडणे ही आपल्याकडे सर्रास आढळणारी चूक आहे, आणि ग्रामीण भागातील महाविद्यालयांत रोज साठ-सत्तर किलोमीटर दुचाकीने ये-जा करणाऱ्या अध्यापकांना ती महागात पडू शकते.

कापड, दोरा आणि काजळी

चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया सापडली. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. परंतु त्या काळी अशा चाकाला योग्य असे वाहनच नव्हते. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर तयार केला आणि तो थेट सायकलच्या युगात जाऊन पडला. म्युनिकच्या हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर यांनी १८९४ मध्ये ज्या पहिल्या मोटारसायकली कारखान्यात संख्येने तयार केल्या, त्यांना हवेचेच टायर होते.

हे प्रारंभीचे टायर झिजून संपत नसत. झिजण्याची पाळी येण्यापूर्वीच ते फाटत. टायरच्या आतील सांगाड्यात साधे विणलेले जाड कापड असे. चाक फिरताना टायरचा रस्त्याला टेकणारा भाग प्रत्येक फेरीला दबतो व पुन्हा उठतो. त्या हालचालीत कापडातील उभे-आडवे धागे एकमेकांवर घासत, उष्णता निर्माण होई आणि धागेच तुटत. जॉन फुलर्टन पामर यांनी १८९० च्या दशकात यावर उपाय शोधला. त्यांनी आडवे धागे काढून टाकले, समांतर दोऱ्यांचे थर रबरात बुडवून तिरपे एकावर एक ठेवले. दोरे एकमेकांस स्पर्श करीत नसल्याने घर्षण थांबले. आज ज्याला 'प्लाय' म्हणतात त्याचा उगम येथे आहे. आपल्याकडे अजूनही 'किती प्लायचा आहे?' असा प्रश्न दुकानदारास विचारला जातो, तो या काळाचा अवशेष म्हणावा लागेल.

दुसरा बदल रंगाचा होता. जुने टायर फिकट, जवळजवळ पांढरे असत, कारण रबरात झिंक ऑक्साइड मिसळले जाई. १९०४ मध्ये लंडनजवळील सिल्व्हरटाउन येथील 'इंडिया रबर, गुटापर्चा अँड टेलिग्राफ वर्क्स' या कारखान्यात रबरात काजळी मिसळल्यास ते कितीतरी मजबूत होते, असे दिसून आले. (नावातील 'इंडिया'चा आपल्याशी संबंध नाही, तो अमेरिका खंडातील तथाकथित इंडीजचा आहे.) १९१० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकन कारखान्यांनी काजळीचा वापर मोठ्या प्रमाणावर सुरू केला. टायर काळा झाला आणि झिजेला तोंड देण्याची त्याची क्षमता अनेक पटींनी वाढली. सांगाडा टिकू लागल्यामुळे झीज हा प्रश्न प्रथमच महत्त्वाचा ठरला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

प्रवाशांच्या दृष्टीने मात्र या काळात टिकाऊपणाचा आणखी एक अर्थ होता, तो म्हणजे मिळण्याजोगा असणे. रॉबर्ट एडिसन फुल्टन हा तरुण अमेरिकन १९३२ मध्ये लंडनहून डग्लस मोटारसायकलीवर निघाला, हिंदुस्थानातून पुढे जात पूर्वेस जपानपर्यंत पोहोचला आणि १९३७ मध्ये त्याने 'वन मॅन कॅराव्हॅन' हे प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या गाडीला मोटारीचे टायर बसविलेले होते. वळणावर कलताना मोटारीचा चौकोनी टायर गैरसोयीचा असतो हे खरे. पण मोटार जेथे पोहोचली होती तेथे तो मिळण्याची आशा होती. फुल्टनच्या गाडीतील ही तडजोड मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत बोलकी वाटते. दूरच्या वाटेवर उत्तम टायरपेक्षा बदली मिळणारा टायर अधिक मोलाचा, हा हिशेब तिच्यात आहे.

तुटवडा आणि कृत्रिम रबर

१९४२ मध्ये जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज जिंकल्यावर दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा मुख्य पुरवठा तुटला. अमेरिकेने अल्पावधीत स्टायरीन व ब्युटाडाइन यांपासून कृत्रिम रबराचे प्रचंड उत्पादन उभे केले. युद्धानंतर या रबराचा एक गुण पुढे आला : मिश्रण बदलून त्याची पकड व झीज कारखान्यात ठरविता येऊ लागली. जास्त पकडीचे मिश्रण खडीच्या उंचवट्यांभोवती वाकते आणि परत येताना ऊर्जा गमावते. ही गमावलेली ऊर्जा म्हणजेच ओल्या रस्त्यावरची पकड. आणि तीच उष्णतेच्या रूपाने टायरही तापविते. कडक मिश्रण कमी झिजते, पण पाण्यात घसरते. किती चालेल आणि किती धरेल हे दोन प्रश्न येथे प्रथमच उघडपणे एकमेकांसमोर उभे राहिले.

मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेने मोटारींमध्ये टायरचे आयुष्य वाढविले. मोटारसायकलला रेडियल मिळण्यास मात्र १९८० चे दशक उजाडावे लागले. याचे कारण असे की दुचाकी वळणावर कलते. रेडियलची बाजूची भिंत लवचीक असते आणि कललेल्या गाडीचा भार तीच पेलते. हा अडसर दूर करण्यास चार दशके लागली. १९९० च्या दशकात काजळीच्या जोडीला सिलिका आली व ओल्या रस्त्यावरील पकड झिजेची फारशी किंमत न देता वाढविता आली. त्यानंतरच्या दशकात एकाच टायरच्या मध्यभागी कडक व दोन्ही कडांना मऊ रबर घालण्याची पद्धत प्रवासी टायरमध्ये रूढ झाली. सरळ महामार्गावर मधला पट्टा झिजतो, वळणावर कडा धरतात. कामाची अशी वाटणी टायरच्या पृष्ठभागावरच झाली.

भारतीय रस्त्यावरील निवड

भारतात डनलॉपने १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे कारखाना काढला. तो या शतकात बंद पडला. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे १९४६ मध्ये खेळण्यातले फुगे तयार करण्यापासून सुरुवात करणाऱ्या एमआरएफने १९७३ मध्ये नायलॉनचे टायर बाजारात आणले. मूळच्या इटालियन सीएटने १९५८ मध्ये मुंबईत पाय रोवले. भांडुपचा तिचा कारखाना अनेकांस परिचित आहे. नागपूरजवळ बुटीबोरी येथेही तिचे दुचाकी टायर तयार होतात. नायलॉनमुळे खड्ड्यांत टायर फुटण्याचे प्रमाण घटले. सुती दोऱ्याच्या काळातील अनुभव जमेस धरला तर 'नायलॉन' हा शब्द आपल्या दुकानांत टिकाऊपणाचाच पर्याय का झाला, ते समजते.

१९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या बुलेटच्या जुन्या गाड्यांना पुढे-मागे एकाच मापाचे, ३.२५-१९ चे टायर असत. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाडीलाही दोन्ही चाकांना ३.२५-१६ हे एकच माप होते. इंजिनाची ओढ व सामानाचे ओझे मागच्या चाकावर पडते, त्यामुळे मागचा टायर पुढच्यापेक्षा फार लवकर झिजतो. एकाच मापामुळे प्रवासात एक जादा टायर व एक ट्यूब दोन्ही चाकांच्या कामी येई. पुढील पिढीच्या गाड्यांत दोन्ही चाकांची मापे वेगळी झाली, मागचा टायर रुंद झाला आणि ही सोय संपली. ट्यूबलेस टायरने त्याची अंशतः भरपाई केली : खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते आणि चाक न काढता चिकट दोरी भरून पुढे निघता येते.

आज आपल्या रस्त्यांवर चांगल्या कंपनीचा टायर सांगाडा फाटून किंवा धागा तुटून क्वचितच जातो. तो दोन प्रकारे जातो. पहिला प्रकार सर्वांना दिसतो : मधला भाग सपाट होऊन टायरचा गोलवा नाहीसा होतो व वळणावर गाडी अडखळत कलते. दुसरा प्रकार दिसत नाही. रबर वयाने कडक होते, नक्षी मात्र शाबूत राहते. माझ्या मागच्या चाकाचा टायर सात वर्षांचा होता. खाचा खोल होत्या, आणि तो फार चालला याचा मला अभिमानही होता. जुलैमधील एका सकाळी करूळ घाटात, गगनबावड्याकडून उतरताना, ब्रेकला पाय लागताच मागचे चाक सरळ दरीच्या बाजूला सरकले. कठड्याने वाचविले. खाली वैभववाडीत टायरवाल्याने नखाने रबर दाबून पाहिले आणि 'सर, हा टायर नाही, धाव आहे,' एवढेच म्हणाला. प्रस्तुत लेखाचे शीर्षक त्याचे आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ दुचाकीच्या टायरला किमान ०.८ मिलिमीटर खोलीची मर्यादा घालतो. ही मर्यादा फक्त झीज मोजते, वय नव्हे. वय पाहावयाचे असेल तर टायरच्या बाजूवरील चार अंकांचा शिक्का पाहावा लागतो. पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दुकानात टायरच्या कंपनीविषयी तासभर चर्चा करणारे गिऱ्हाईक हे चार अंक सहसा पाहत नाही, आणि दोन-तीन वर्षे फळीवर पडून असलेला माल 'नवा' म्हणून घरी येतो.

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याच्या कक्षेत आणली. तीत मोटारसायकलच्या टायरचाही समावेश होता. मिशेलिन, मेट्झेलर यांचे बाहेरून येणारे दुहेरी मिश्रणाचे प्रवासी टायर दुर्मीळ व महाग झाले. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये आली तेव्हा तिला पिरेलीचे टायर होते. पुढे त्याच गाडीवर सीएटचे टायर येऊ लागले. लेहच्या वाटेवर निघणाऱ्याला बदली टायर वाटेतल्या शहरात मिळतो का, हा फुल्टनचाच प्रश्न नव्वद वर्षांनी पुन्हा समोर आला. आणि मोटारीच्या टायरवर अमेरिकन नियमानुसार छापला जाणारा झिजेचा अंक मोटारसायकलच्या टायरला लागू नाही. कंपन्या किलोमीटरचे आकडे सांगतात ते जाहिरातीत. भरवशाची नोंद म्हणून उरते ती प्रवाशाने स्वतः ठेवलेली वही : टायर बसविल्याचा दिवस, मीटरवरील आकडा, हवेचा दाब, ओझे, काढल्याचा दिवस व कारण. माझ्या वहीतील घाटानंतरच्या पहिल्या टायरपुढे 'चौदा हजार दोनशे, खाचा बाकी, तरी काढला' असे लिहिलेले आहे.