केशव तळपदे यांचा अर्ज

‘धरलेला मनुष्य न्यायासनापुढें आणा आणि त्याला कोणत्या कायद्यानें कोंडलें तें सांगा,’ असें सत्ताधाऱ्यांस बजावणारा हुकूम म्हणजे हेबिअस कॉर्पस. १९४३ सालीं मुंबई इलाख्यांतील एका स्थानबद्धानें या हुकुमासाठीं केलेला अर्ज हिंदुस्थानांतील सर्वांत वरच्या न्यायालयापुढें, म्हणजे दिल्लीच्या फेडरल कोर्टापुढें, आला. त्याचें नांव केशव तळपदे.

महायुद्ध चालू होतें. १९४२ च्या ऑगस्टांतील चळवळीनंतर तुरुंग भरून गेले होते. भारत संरक्षण नियमांपैकीं २६ व्या नियमाखालीं, अमक्याला अडकविणें जरूर आहे असें सरकारला वाटलें कीं पुरे; खटला चालविण्याचें कारण नव्हतें. मुंबई हायकोर्टानें तळपदे यांचा अर्ज फेटाळला, तेव्हां त्यांनीं दिल्ली गांठली.

फेडरल कोर्टानें युद्धाचा वाद घातला नाहीं. मूळ कायदा आणि त्याखालीं केलेला नियम एकापुढें एक ठेवून वाचला. कायद्यांत ‘वाजवी संशय’ अशी अट होती. नियमांत केवळ सरकारची खात्री तेवढी उरली होती. संशय वाजवी आहे कीं नाहीं हें तपासतां येतें; मनांतील खात्रीला माप कोणतें लावावें? २२ एप्रिल १९४३ रोजीं सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायासनानें तो नियमच अवैध ठरविला. दीड वर्षापूर्वीं लंडनांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें तशाच प्रश्नावर मंत्र्याच्या बाजूनें कौल दिला होता; तेथें एकटे लॉर्ड अ‍ॅटकिन विरुद्ध उभे राहिले होते.

विजय सहा दिवस टिकला. २८ एप्रिलला वटहुकूम निघाला. कायद्याचे शब्द बदलले आणि जुने हुकूमहि कायदेशीर ठरविले गेले. १९४५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें दुसऱ्या एका खटल्यांत तळपदे निर्णय चुकीचा म्हटला.

मग अर्ज वायां गेला काय? कायद्याच्या दोन शब्दांसाठीं सरकारला वटहुकूम काढावा लागला, हीच त्या शब्दांची किंमत. त्या काळीं परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. फेडरल कोर्टाचा हात तेथवर पोंचत नव्हता. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या ३२ व्या कलमानें परभणीच्या बंदिवानासहि सर्वोच्च न्यायालयाचें दार मोकळें झालें. आणीबाणींत, २८ एप्रिल १९७६ रोजीं, त्याच न्यायालयाच्या बहुमतानें तें दार लावून घेतलें. न्यायमूर्ति खन्ना एकटे विरुद्ध होते. २०१७ सालीं तो निर्णय न्यायालयानें स्वतःच रद्द केला. हक्क कागदावर येतो एकदां. तो राखावा लागतो वारंवार.