सांधा बदलताना रक्त राखणे

गुडघा बदलायला कोरगावहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) निघालेल्या आजीच्या घरचे लोक हमखास विचारतात, ‘रक्त किती बाटल्या लागेल?’ प्रश्न रास्तच. पण बाहेरून चढवण्यापेक्षा अंगातले रक्त अंगातच कसे राहील, याचा आता चांगला अभ्यास झाला आहे. परिचारिकांनी, आरोग्यसेविकांनी आणि अशा घरच्या मंडळींनीही त्यात जरूर डोकावावे.

पन्नास किलो वजनाच्या बाईच्या अंगात जेमतेम सव्वातीन लिटर रक्त. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत लिटरभर जाऊ शकते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास सक्शनच्या बाटलीत दिसतच नाही. ते मांडी-पोटरीच्या मांसात झिरपते. टेबलावर सारे ठीक असते, हिमोग्लोबिन उतरलेले कळते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मांडीला आवळून बांधायच्या पट्ट्याचे, म्हणजे टूर्निकेटचे, मला म्हणूनच फारसे कौतुक नाही: काम चालू असताना जागा कोरडी राहते, पण पट्टा सुटल्यानंतरच्या पाझरावर त्याचा इलाज नाही.

या अभ्यासाला सर्वांत मोठी देणगी मिळाली ती हाडांच्या डॉक्टरांकडून नव्हे. १९६२ साली जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पुढे आणले. उताकोंच्या डोळ्यांसमोर बाळंतपणात रक्त जाऊन दगावणाऱ्या बायका होत्या. हे औषध गुठळी तयार करत नाही, झालेली गुठळी विरघळवणाऱ्या प्लाझ्मिनला आवरते. पाळीत फार रक्त जाणाऱ्या बायकांना त्याच्या गोळ्या ठाऊक असतात. सांधेबदलात ते बहुधा छेद घेण्याआधी शिरेतून देतात. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी.

तरीही औषधाच्या आधी मी रक्तक्षयाचे नाव घेईन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ३९ टक्के बायकांत तो आढळला. गुडघे बदलायची पाळी येते त्या वयाच्या बायका या मोजणीत नाहीतच. त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नजरेआड होते. दुखरा गुडघा वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्यांवर रेटलेला असतो, आणि त्याच गोळ्यांनी जठरातून थोडे थोडे रक्त जात असते. तेव्हा लोह देण्याआधी ते का कमी झाले हे शोधायला हवे. लोहाच्या गोळ्यांना निदान महिनाभर लागतो. तेवढी सवड नसेल तर शिरेतून लोह देता येते. शस्त्रक्रियेचे बोलणे निघाले की त्याच आठवड्यात कोरगावजवळच्या तुयेच्या सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. भरती व्हायच्या आदल्या दिवशी ते कळून उपयोग नसतो.