सौरचक्र
सौरचक्र : सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात व पृष्ठभागावरील सौर डागांच्या संख्येत सरासरी ११ वर्षांनी होणारा आवर्ती बदल.

जर्मन निरीक्षक हाइन्रिख श्वाबे यांनी १८४३ मध्ये डागांच्या संख्येतील आवर्तन प्रसिद्ध केले. रूडोल्फ व्होल्फ यांनी जुन्या नोंदी जुळवून १७५५ पासूनच्या चक्रांना क्रमांक दिले. सौर डाग प्रबळ चुंबकीय क्षेत्राचे प्रदेश असल्याचे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये दाखविले.

सूर्याचा विषुववृत्तीय भाग सुमारे २५ दिवसांत, तर ध्रुवांजवळचा भाग सुमारे ३५ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. या फरकामुळे चुंबकीय रेषा ताणल्या जाऊन विषुववृत्ताला जवळजवळ समांतर होतात. प्रबळ झालेले क्षेत्र पृष्ठभाग भेदून वर येते, तेथे डागांच्या जोड्या दिसतात (पहा : सौर डाग). चक्राच्या आरंभी डाग ३०° अक्षांशाच्या आसपास, तर अखेरीस विषुववृत्ताजवळ आढळतात. कमाल अवस्थेच्या सुमारास ध्रुवीय क्षेत्राची दिशा उलटते. त्यामुळे पूर्ण चुंबकीय चक्र सुमारे २२ वर्षांचे असते. चक्राचा कालावधी व तीव्रता स्थिर नसते. १६४५–१७१५ या काळात डाग अत्यल्प होते (पहा : माउंडर किमान). पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले.

कमाल अवस्थेत सौरज्वाला व किरीटातून होणारी द्रव्यफेक वाढते. परिणामी पृथ्वीवर चुंबकीय वादळे उद्भवून रेडिओ संदेशवहन, उपग्रह व वीजवाहिन्या बाधित होतात (पहा : ध्रुवीय प्रकाश). कोडाईकनाल वेधशाळेतील विसाव्या शतकारंभापासूनची सूर्याची छायाचित्रे चक्राच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी वापरतात. २०२३ मध्ये प्रक्षेपित झालेले ‘आदित्य-एल१’ हे भारतीय यान सूर्याचे अवकाशातून निरीक्षण करते (पहा : सूर्य).