भरपाई कशाची? मुळशी खोरं आणि नॉर्थ डकोटा

आजचा विषय अमेरिकेतल्या एका मैदानी राज्याचा आहे हे ऐकून पिरंगुटात बसलेल्या तुम्हा लोकांना जरा नवल वाटलं असेल. नॉर्थ डकोटा कुठं आणि आपलं पौड मावळ कुठं! तिथं नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट गवताळ जमीन, गहू आणि हाडं गोठवणारी थंडी. इथं डोंगर, भातखाचरं आणि चार महिने कोसळणारा पाऊस. पण या दोन मुलखांच्या इतिहासात एक प्रश्न सारखाच आला, म्हणून आज दोन्ही शेजारी ठेवतो.

आधी आपलं घर. इथून पौडवरून ताम्हिणीच्या वाटेला लागलात की डाव्या-उजव्या हाताला डोंगर जवळ येतात आणि पुढं मुळशीचा जलाशय दिसतो. सुटीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, लोक फोटो काढतात. त्या पाण्याखाली गावं होती. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं, पूर्वेला वाहणारं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला वळवून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि त्यावर मुंबईसाठी वीज करायची, अशी टाटांची योजना होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. पन्नासहून अधिक गावं आणि हजारो माणसं त्यात सापडली.

रामनवमीला, १६ एप्रिल १९२१ रोजी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून माणसं उभी केली होती. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यात. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. बायासुद्धा तुरुंगात गेल्या. धरणाविरुद्धचा जगातला हा पहिला संघटित लढा, असं प्रा. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच म्हटलं आहे. लढा हरला. १९२४ मध्ये बापटांनी हत्यार हाती घेऊन आगगाडी अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

का हरला? सरकार बलाढ्य होतं, कंपनी श्रीमंत होती, हे खरंच. पण एक कारण आपल्या घरातलं होतं. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्या नावावर चढल्या होत्या. शेत कसणारा मावळा म्हणत होता, जमीन देणार नाही. कागदावर नाव असलेला सावकार विचारत होता, भाव काय? त्याला पैसा हवा होता आणि त्याच्या दृष्टीने व्यवहार वाईट नव्हता. कायदा मालकाला ओळखतो, राहणाऱ्याला ओळखत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता आपण याच वाक्यावरून मिसूरी नदीच्या काठी जाणार आहोत.

नॉर्थ डकोटा राज्य झालं ते २ नोव्हेंबर १८८९ रोजी. त्याचा रूढ इतिहास असा सांगतात : १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळाली, रेल्वे आली, नॉर्वेतून आणि रशियातून जर्मन शेतकरी आले, त्यांनी ओसाड माळ नांगरला आणि गव्हाचं कोठार उभं केलं. त्या माणसांचे कष्ट खरे होते. ‘ओसाड’ हा शब्द मात्र खोटा होता. मिसूरीच्या काठी मंडान, हिदात्सा आणि अरिकारा लोक शेकडो वर्षं मातीची मोठी गोल घरं बांधून राहत होते. मका, घेवडा, भोपळा, सूर्यफूल पिकवत होते. शेती बायकांच्या हातात होती. १८०४ च्या हिवाळ्यात लुईस आणि क्लार्क यांची तुकडी मंडान गावांशेजारीच राहिली आणि त्यांच्याच मक्यावर जगली. १८३७ च्या देवीच्या साथीने मंडान जवळजवळ संपले. उरलेले तिघे एकत्र आले आणि पुढं फोर्ट बर्थोल्डच्या राखीव प्रदेशात राहू लागले.

मग धरण आलं. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याखाली मिसूरीवर गॅरिसन धरण बांधायचं ठरलं. या लोकांची दीड लाख एकरांहून जास्त जमीन बुडणार होती, आणि तीही नदीकाठची, कसाची, झाडीची. २० मे १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये विक्रीच्या करारावर सही झाली, त्या वेळचा एक फोटो प्रसिद्ध आहे. मंत्री सही करतो आहे आणि शेजारी जमातीचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चेहऱ्यावर हात ठेवून रडत आहेत. एल्बोवुड्स हे त्यांचं मुख्य गाव शाळा-दवाखान्यासकट पाण्याखाली गेलं. लोकांना वरच्या कोरड्या, वाऱ्याच्या माळावर हलवलं. भरपाई ठरली सव्वा कोट डॉलरच्या आसपास. ती अपुरी होती हे अमेरिकन संसदेने १९९२ मध्ये मान्य केलं आणि आणखी सुमारे पंधरा कोट डॉलर मंजूर केले. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली होती.

तत्त्वज्ञान शिकवताना मी वर्गात बेंथम सांगायचो, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. मुलांना ते लगेच पटायचं. मलाही त्याची थट्टा करायची नाही. मुंबईच्या गिरण्या विजेवर चालल्या, हजारोंना काम मिळालं. आत्ता हा माईकही विजेवरच चालतो आहे. पण बेरीज करायची तर आधी प्रत्येक गोष्टीला आकडा लावावा लागतो. अडचण तिथं आहे.

मावळातलं भात बघा. आवणीसाठी रोप हवं, रोपासाठी राब भाजायला हवा, राबाला डहाळ्या हव्यात, शेण हवं. म्हणजे रान हवं, गुरं हवीत. वरकस जमिनीवर नाचणी-वरई. हे सगळं मिळून एक शेत होतं. मोजणीदाराने मोजलं फक्त खाचर. मिसूरीकाठीही तसंच. भाव जमिनीचा झाला, पण नदीकाठचं सरपण, थंडीतला आडोसा, रानातली फळं, एकमेकांच्या गावांना जोडणारी वाट, यांचा भाव कोण करणार? ‘भरपाई’ या शब्दात भरून येणं आहे. जे मोजलंच नाही ते भरून कसं येईल? पैसे देऊ नयेत असं मी म्हणत नाही. ते द्यायलाच हवेत आणि कसणाऱ्याला द्यायला हवेत. फक्त पैसे दिले म्हणजे हिशेब मिटला, असं म्हणू नये.

एक फरक मात्र सांगतो. हिदात्सांमधली एक शेतकरी बाई होती, बफेलो बर्ड वुमन. गिल्बर्ट विल्सन नावाचा अभ्यासक तिच्याजवळ बसला आणि बियाणं कसं निवडायचं, मका कसा वाळवायचा, कणगीचा खड्डा कसा करायचा, हे सगळं तिच्या तोंडून उतरवून घेतलं. ते पुस्तक १९१७ मध्ये आलं. तिचं गाव आज धरणाच्या पाण्याखाली आहे, पण तिची शेती कागदावर शिल्लक आहे.

आपल्याकडे लढ्याचा इतिहास लिहिला गेला. नेत्यांची नावं राहिली. पण बुडालेल्या खाचरांची नावं काय होती? आंबेमोहोराचं बी कुणी कसं जपलं? आवणीला कोणती गाणी म्हणत? हे जाणणाऱ्या आज्या ज्यांच्या घरात आहेत, अशी माणसं या सभागृहात आहेत, मला खात्री आहे. आणि इथल्या जमिनीही आता झपाट्याने हात बदलत आहेत, धरणाशिवायच. सातबारावर मालकाचं नाव राहतं, शेताची गोष्ट राहत नाही. घरी गेल्यावर म्हातारीला विचारा आणि लिहून ठेवा. एवढंच माझं मागणं आहे.